आमच्या वतीनं

स्टाफरूममध्ये पंखा फिरतो आहे आणि वैजयंतीबाईंचे डोळे मिटू लागले आहेत. पुढ्यात कोरा कागद. इचलकरंजीच्या या कॉलेजात त्या यंत्रमागाच्या कारखान्यांत सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांना दुपारी इतिहास शिकवतात. आज संध्याकाळी संमेलनात त्या बायका स्वतः आपल्या कामाबद्दल बोलणार होत्या. सकाळी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. “पाहुणे मोठे आहेत, मॅडम. यांची भाषा रांगडी, त्यात ओरडून बोलतात. त्यापेक्षा तुम्हीच त्यांच्या वतीनं चार शब्द बोला.” बाई मान डोलावून बाहेर आल्या.

पंख्याचा आवाज जड होत जातो. खडाक्-खट, खडाक्-खट.

टेबलापलीकडे तायव्वा माळगे बसली आहे. सारा जन्म मागांच्या खडखडाटात काढून उतारवयात वर्गात आलेली, कानानं अधू, म्हणून सगळ्यांत मोठ्यानं बोलणारी. गेल्या हिवाळ्यात ती दम्यानं गेली. बाईंना ते ठाऊक आहे, तरी तोंडातून निघतं, “मावशी, जेवलात?”

“जेवलो की. काय लिवायला लागलाय?”

“भाषण. तुमच्या सगळ्यांच्या वतीनं.”

“आमच्या वतीनं?” तायव्वा पदर खोचते. “का? आमची तोंडं कुठं गेलीत? उठा, दावतो तुम्हाला.”

बाई उठतात आणि टेबल नसतंच. रांगेनं माग धडधडताहेत, भिंतीवर वर्गातला फळा आहे, मागांच्या मधे बाकांवर बायका बसल्या आहेत. त्यांची तोंडं हलताहेत. एक अक्षर ऐकू येत नाही.

“काय म्हणतायत त्या?”

“ओठांकडं बघा. मागाम्होरं आम्ही असंच बोलतो.”

बाई बघत राहतात. हळूहळू अर्थ लागू लागतो. एक म्हणते, पोरीला झोळीत टाकून कांड्या भरल्या. दुसरी म्हणते, मुकादमाला सांगितलं, पुन्हा हात लावलास तर हात राहणार नाही. तिसरी काहीतरी सांगते आणि सगळ्या खदखदून हसतात.

“मावशी, हे मी कसं सांगू?”

“नगाच सांगू. तुमच्या तोंडात त्ये गुळमुळीत हुतंय. तुम्ही माग तेवढे थांबवा.”

“मी? कसे?”

“वरडा! वर्गात मला कधी हळू बोल म्हटला न्हाईसा. आता तुमची पाळी.”

बाई ओरडतात. आवाज स्टाफरूमपुरताच निघतो. समोर आता खुर्च्या मांडल्या आहेत, पाहुणे घड्याळं बघताहेत, माग चालूच आहेत. तायव्वा पाठीत थाप घालते.

“पोटातनं!”

“माग बंद करा! बोलू द्या त्यांना!”

सगळे माग एकदम थांबतात. त्या शांततेत मागच्या बाकावरून कुणीतरी बोलायला लागतं, मोठ्यानं, न अडखळता.

बाईंचे डोळे उघडतात. दारात शिपाई शिकलगार मामा धापा टाकत उभे आहेत.

“बाई, पार खालपर्यंत आवाज आला. प्राचार्यसाहेब विचारायला लागलेत, कोण वरडलं?”

बाई उत्तर द्यायला तोंड उघडतात. घसा सोलून निघाला आहे. आवाज येतो तो फाटका, भरडा, दिवसभर मागाशी झगडल्यासारखा. तो त्या साफ करत नाहीत.

“मी वरडले. आणि साहेबांना सांगा, संध्याकाळी माझ्या वर्गातल्या बायकाच बोलणार आहेत. मी खाली बसून ऐकणार आहे.”