ओवाळणीतलं वॉशिंग मशीन

कांचन खेरडे म्हणजे सिंचन विभागातल्या ओटीपीवाल्या मॅडम. कुणाचा फोन वाजला की ह्या आपल्या टेबलावरूनच बजावायच्या, नंबर सांगू नका हं कुणाला. स्वतः तर अनोळखी फोन उचलायच्याच नाहीत. नवरा गेल्यावर बाईनं एकटीनं संसार ओढला, पण कुणाचं देणं म्हणून ठेवलं नाही. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

राहतं सरकारी क्वार्टर पाडायचं ठरलं तेव्हा तिनं शहराच्या टोकाला मिसरोदला दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला. तुळस कुठं ठेवायची तेही मनात ठरलं. नोकरी आहे तोवरच कर्ज मिळणार, म्हणून लगबगीनं बँकेत गेली, तर अर्ज नामंजूर! तिथल्या ऋतुजानं क्रेडिट रिपोर्ट उघडून दाखवला. स्कोअर पार तळाला गेलेला. कांचन म्हणाली, दुसऱ्या कुणाचा असेल, मी जन्मात कर्ज काढलेलं नाही. ऋतुजानं एका ओळीवर बोट ठेवलं. हप्त्यांवर घेतलेलं वॉशिंग मशीन, आणि हप्ते कधीचे थकलेले.

कांचननं ती ओळ पुन्हा वाचली. घरात मशीन एकच होतं, आणि ते तिच्या पाठच्या भावानं, शैलेंद्रनं, गेल्या भाऊबीजेला ओवाळणीत घातलेलं. दुकानातून त्याचा फोन आला होता. वॉरंटी तुझ्या नावावर करतोय ताई, पॅनकार्डाचा फोटो पाठव, आलेला ओटीपी सांग. जगाला शहाणपण शिकवणाऱ्या या बाईनं तो हसत हसत सांगितला. भाऊ काय परका असतो? पुढं वसुलीवाल्यांचे फोन आले, ते तिनं चोर समजून कापले. वर सगळ्या कॉलनीला बोलावून मशीन दाखवलं, माझ्या शैलूनं दिलं म्हणून.

ती तडक अरेरा कॉलनीत त्याच्या घरी गेली. त्यानं आधी कानावर हात ठेवले, मग धंदा बसल्याचं रडगाणं लावलं. शेवटी म्हणतो कसा, "अगं, मशीन तर तूच वापरतेस ना ताई?"

त्या वाक्यानं तिच्या काळजाला घरं पडली. पैशांचं एक वेळ सोसलं असतं तिनं.

नागपूरहून आईनं फोनवर बजावलं, पोलिसांत जाऊ नकोस, घरातलं घरात राहू दे. वा रे न्याय! कांचननं सोन्याच्या बांगड्या मोडल्या आणि थकबाकी भरली. कर्ज देणारी कंपनी कमी पैशांत मिटवायला तयार होती, पण ऋतुजानं सावध केलं होतं की अर्धवट मिटवलेलं रिपोर्टात डागासारखं राहतं, पूर्ण भरा. तरीही स्कोअर वर यायला महिने लागणार होते. तेवढं कोण थांबतं? मिसरोदचा फ्लॅट दुसऱ्यानं घेतला. कांचन भाड्याच्या खोलीत आली, मशीन घेऊन. टाकून कसं देणार, आता ते खरोखरच तिचं होतं.

भाऊबीजेला शैलेंद्र आला. काही घडलंच नाही अशा थाटात पाटावर बसला. तिनं टिळा लावला, ओवाळलं. त्यानं तबकात जाडसं पाकीट ठेवलं.

कांचननं पाकिटाला हात लावला नाही.

"शैलू," ती शांतपणे म्हणाली, "हे तरी तुझं आहे ना रे?"

तिनं पाकीट त्याच्या खिशात परत घातलं आणि जेवायची पानं घ्यायला आत गेली.