झाकणाखालचं कुंकू

बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. याला दोन तारा कमी का? आणि मग यातून नक्की ऐकू काय येतं? झुंबरराव बोडक्यांचं सगळं तरुणपण या दोन प्रश्नांची उत्तरं देण्यात गेलं. दिवसा ते पंचवटीच्या भाजी बाजारात एका आडत्याकडे दिवाणजी, आणि लग्नसराईत संध्याकाळी ऑर्केस्ट्रात. पण लोकांच्या लेखी ते ‘कोपऱ्यात उभे असायचे ते’ एवढेच होते. गायकाचं नाव लोकांच्या लक्षात राहायचं, ढोलकीवाल्याचं राहायचं, एका गावात तर जनरेटरवाल्याचा शाल देऊन सत्कार झाला. झुंबररावांना नारळ मिळायचा तो उरला तर.

ऑर्केस्ट्रा होता सहादू मास्तरांचा. मास्तर पुढे उभे राहून अकॉर्डियन वाजवायचे आणि मागे कुणी चुकलं की वाजवता वाजवता वळून बघायचे. बोलायचे काही नाहीत, नुसतं बघायचे. त्या बघण्याने एक गायक कायमचा किराणा दुकानात बसायला लागला होता. बेसही मास्तरांचाच, जुना, परदेशी, कडेला काळपट आणि मध्ये मधासारखा पिवळा. तारांच्या बुडाशी एक चकचकीत झाकण होतं आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्याचा आवाज मात्र असा की तार छेडली की ‘धुप्प’ व्हायचं आणि लगेच गप्प. उगाच रेंगाळणं नाही. झुंबररावांचा त्या आवाजावर जीव होता.

मग कीबोर्ड आला. अश्विन नावाचा एक जण डाव्या हाताने बेस आणि उजव्या हाताने बाकी सगळं वाजवायला लागला. मास्तरांनी बेस विकून टाकला आणि झुंबरराव एका डाव्या हाताकडून हरले. त्यानंतर ते कुठल्याही लग्नात जेवून लगेच घरी यायचे.

यंदा एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पुण्याहून मुलीने, साक्षीने, मोबाईलवर फोटो पाठवला. त्याच कंपनीने तोच जुना बेस पुन्हा काढला होता, तस्साच, झाकणासकट, आणि साध्या माणसाला परवडेल असा. दुसरी गोष्ट म्हणजे सहादू मास्तरांचा घोटीहून फोन. नातीची हळद होती आणि जुनी मंडळी वाजवणार होती.

“झुंबर, तो जुना आवाज काढणार असशील तर ये,” मास्तर म्हणाले. “नुसतं फोटोपुरतं उभं राहायला येऊ नको. नायतर अश्विनचा डावा हात हाय अजून.”

दुसऱ्याच दिवशी झुंबरराव कॉलेज रोडच्या दुकानात हजर. विक्रेत्याने विचारलं, “अंकल, नातवासाठी का?” झुंबरराव ‘हो’ म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्याच्या हसण्यात वेळ गेला असता. त्यांनी बेस मांडीवर घेतला आणि जाडी तार छेडली. धुप्प. एवढ्या वर्षांनी भेटलेल्या त्या आवाजाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विक्रेत्याला वाटलं, किमतीमुळे आलं. त्याने बिचाऱ्याने पट्टा फुकट दिला.

बोडक्यांच्या घरात नवी वस्तू कुंकू लागल्याशिवाय वापरत नाहीत. फ्रीज, स्कूटर, इस्त्री, एवढंच काय, नळाला लावलेला फिल्टरसुद्धा त्यातून सुटला नव्हता. झुंबररावांची बायको, उज्वलाबाई, ताट घेऊन आल्या आणि बेसच्या पिवळ्याधमक पोटावर स्वस्तिकासाठी जागा शोधायला लागल्या.

“हात लावू नको! पॉलिशला डाग पडेल.”

“मग देवानं कुठं बघायचं?”

“मनात कर ना पूजा.”

“मनात कुंकू लागत नाय.”

अखेर तडजोड झाली. कुंकू लागेल, पण झाकणाखाली, कुणाला दिसणार नाही असं. झुंबररावांनी दोन स्क्रू काढले. आत तारांच्या खाली काळ्या स्पंजची एक पट्टी दाबून बसवली होती.

“पॅकिंग आतच राहिलंय बघा,” उज्वलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती पट्टी ओढून काढली. झुंबररावांनीही मान डोलावली. मास्तरांच्या बेसचं झाकण त्यांनी जन्मात उघडून पाहिलं नव्हतं, त्यामुळे आत काय असतं हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. बोटभर स्वस्तिक निघालं, दोन अक्षता पडल्या, झाकण बसलं आणि देवाचं समाधान झालं.

मग झुंबररावांनी तार छेडली. टणऽऽऽण.

आवाज थांबेचना. खिडकीच्या काचेपर्यंत जाऊन परत आला. त्यांनी बटणं फिरवून पाहिली, तारा सैल केल्या, घट्ट केल्या, तळहात तारांवर दाबून धरला. तळहाताने थोडं जमायचं, पण मग वाजवायला हात उरायचा नाही. त्यांनी दुकानात फोन करून विक्रेत्याला फैलावर घेतलं, की दाखवला एक आणि बांधून दिला भलताच. तो शांतपणे म्हणाला, “अंकल, नातवाला घेऊन या. मी त्याला समजावतो.”

हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत घरात टणटणाट चालू होता. झुंबररावांचं जेवणावर लक्ष नव्हतं. आपलीच बोटं म्हातारी झाली असतील, असंही त्यांना वाटायला लागलं आणि ते वाटणं फार वाईट होतं. शेवटी मास्तरांना ‘येत नाही’ सांगायला त्यांनी फोन उचलला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

“अहो, हा तुमचा नाय.”

“काय माझा नाही?”

“आवाज. तुमचा पोटात लागायचा. हा भांड्यांच्या मांडणीत लागतोय.”

झुंबररावांनी फोन खाली ठेवला आणि ते दारात येऊन उभे राहिले. “तुला काय माहीत माझा आवाज कसा होता? प्रत्येक कार्यक्रमात तू गायकाकडे बघत बसायचीस.”

“बघायचे गायकाकडंच. तो दिसायला बरा होता,” उज्वलाबाई कढई घासत म्हणाल्या. “ऐकायचे तुमचं. तुम्हाला काढलं, त्यानंतर मी त्या ऑर्केस्ट्राला गेले का कधी? लांबून कानावर पडलं तरी पाय नसल्यासारखं वाटायचं ते गाणं.”

इतक्या वर्षांत ही बाई हे एकदाही बोलली नव्हती. झुंबररावांना राग आला, लाज वाटली, आणि सगळ्यांत जास्त आनंद झाला. ते खाली बघायला लागले, आणि त्यांना कढईवरची काळी पट्टी दिसली.

“हा स्पंज कुठला?”

“तुमच्या पॅकिंगचा. लय चांगला निघाला. कढईचं बूड बघा कसं लखलखतंय.”

झुंबररावांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. जे काम ते चार दिवस या तळहाताने करू पाहत होते, ते करायला तारांखाली कंपनीने आधीच कुणाला तरी बसवलं होतं, आणि त्याला यांनी भांडी घासायला लावलं होतं. त्यांनी तो स्पंज उज्वलाबाईंच्या हातातून अक्षरशः हिसकावला, नळाखाली धुतला, पिळला आणि गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातला. संध्याकाळी झिजलेली बाजू कापून उरलेला तुकडा स्वस्तिकावर बसवला. धुप्प. उज्वलाबाईंनी आतून ‘हां’ म्हटलं.

घोटीला मांडवात बेसला लिंबाच्या साबणाचा मंद वास येत होता. एका पाहुण्याने याला दोन तारा कमी का, असं विचारलं. दुसऱ्याने झुंबररावांना वायर धरायला सांगितली. मास्तर आता वाकले होते, पण अकॉर्डियन घेऊन पुढेच उभे होते. झुंबररावांची नजर सगळा वेळ त्यांच्या मानेवर होती. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, हळदीच्या बायका नाचून दमल्या. टाळ्या गायकाला पडल्या, नारळ ढोलकीवाल्याला मिळाला. मास्तर एकदाही मागे वळले नाहीत.

पुढच्या खुर्चीवर उज्वलाबाई हळदीने माखलेल्या तोंडाने गायकाकडे बघत बसल्या होत्या. तो अजूनही दिसायला बरा होता. पण त्यांचा पाय झुंबररावांच्या तारेच्या ठेक्यावर पडत होता.