जंगलातली पोरं आणि कात्रपची गच्ची

आमच्या कात्रपच्या सोसायटीत महिन्यातून एकदा गच्चीवर पडदा लावून सिनेमा बघतात. सिनेमा विसरायला होतो, बघणाऱ्यांचे किस्से मात्र साठत जातात. मागच्या सिनेमानं तर कहरच केला!

त्यात एक जोडपं शहर सोडून जंगलात राहतं. वीज नाही, शाळा नाही, पोरं तिथंच वाढवायची. कल्पना छान हो, पण लिहिणाऱ्यानं डोकं गहाण ठेवलेलं!

*

धाकटा तापानं फणफणतो. बाप कसलासा पाला वाटून पाजतो आणि पुढच्याच सीनला पोरगं झाडावर! रिटायर्ड नर्स शिंदेकाकू ओरडल्या, "अरे, निदान थर्मामीटर तरी लाव मेल्या!"

*

आईचा ड्रेस अख्ख्या सिनेमात पांढराशुभ्र. आमचे सिंधी शेजारी लछूभाई, उल्हासनगरला त्यांचं कापडाचं दुकान. ते पडद्याकडे बघून कळवळून म्हणाले, "भाभी, हा माल कुठला? आपला तर दो धुलाई में पीला!"

*

शाळेचं तोंड न पाहिलेली पोरं थेट परीक्षेत पहिली येतात! गणित शिकवणारे कांबळे सर उठून चपला शोधायला लागले.

"सर, कुठं?"

"राजीनामा लिहायला!"

*

आम्ही खो खो हसत होतो, पण दुसऱ्या मजल्यावरचा नितीन गंभीर. म्हणाला, "जवळच एका खेड्यात प्लॉट घेतलाय. ओवीला शाळेतून काढतो, तिथंच वाढवतो."

ओवी त्याची लेक, तिसरीतली. सुजाता, त्याची बायको, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. "ताई, पोरीचं वाटोळं होईल हो." मला असला राग आला ना नितीनचा!

*

रविवारी तो आम्हा दोघींना प्लॉट दाखवायला घेऊन गेला. शेजारच्या शेतात बायजामावशी भेंडी तोडत होत्या. साहेबांचं भाषण सुरू. मोकळी हवा, नदी, ओवीचं शाळेतून नाव काढणार, कटकटच नको! मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"कंची शाला?"

नितीननं ऐटीत नाव सांगितलं.

मावशींनी भेंडीची टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले. "मंग दादा, तिची जागा माझ्या पोरीला, मंगलला भेटंल का? उद्याच घेऊन येते तिला."

सुजातानं माझा हात घट्ट धरला.

नितीननं टोपली उचलून मावशींच्या हातात दिली, म्हणाला, "मावशी, ती जागा रिकामी नाही होत. मंगलसाठी दुसरी मागून घेऊ."