सतरा नंबरची आरी

शशीताई सातपुते एकतीस वर्षं इंग्लंडमधल्या वॉल्सॉलच्या एका कारखान्यात घोड्यांचे लगाम हाताने शिवत होती. मी शेजारच्या बाकावर होते, म्हणून तिच्याबद्दल लिहिते.

काम असं. गुडघ्यांत लाकडी चिमटा धरायचा, चिमट्यात चामड्याची पट्टी. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचं, दोन्ही सुया दोन्हीकडून त्याच भोकातून काढायच्या आणि दोन्ही हातांनी सारख्या जोराने ओढायचं. इंचाला आठ टाके. फूटभर शिवणीला शहाण्णव. एका हाताचा जोर कमी पडला की तो टाका लोळतो आणि जन्मभर लोळलेला दिसतो.

आरीचं पातं शंकरपाळ्याच्या आकाराचं असतं, त्यामुळे टाका सरळ बसत नाही, थोडा कलतो. उजव्या हाताने आरी धरणाऱ्याचा एकीकडे कलतो, डावखुऱ्याचा दुसरीकडे. शशीताई डावखुरी.

एकाहत्तर साली ती कामाला आली. नवरा ओतकामाच्या कारखान्यात होता. मी वर्षभर आधी लागले होते. ती स्वतःची आरी घेऊन आली होती, वडिलांनी दिलेली. मुठीवर डाग देऊन सतरा आकडा उमटवलेला. फोरमनने तिचा नमुना पाहिला, कौतुक केलं आणि म्हणाला, टाके उलटे आहेत, बाकीच्यांच्या शेजारी चालणार नाहीत. उजव्या हाताने शिकावं लागेल.

शशीताईने मोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं की तिचे वडील डावखुरे होते. कोल्हापूरहून कानपूरला गेले आणि नऊ वर्षं तिथे लष्करासाठी लगाम शिवत होते. तिथे चांगला लगाम जोडीने करत. घोड्याच्या डाव्या गालाची पट्टी डावखुरा शिवायचा, उजव्या गालाची उजवा. मग दोन्ही गालांवरचे टाके नाकाकडे कलतात. वडिलांनी शिवलेला असा लगाम लाखेची मोहर लावून कारखान्याच्या कपाटात ठेवलाय. तेव्हा मला डावीच राहू द्या, जोडीला एक उजवी द्या.

फोरमनने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या देशात असं करतात?"

मी म्हणाले, "नाही."

मला माहीत नव्हतं. माझं माहेर साताऱ्याचं. आमच्या घरात चामड्याला कुणी हात लावत नसे. वॉल्सॉलला मी तेच शिवत होते, पण घरी पत्रात 'फॅक्टरीत आहे' एवढंच लिहायची. माहीत नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणाले, कारण या बाईच्या वडिलांच्या धंद्यातलं मला काही ठाऊक असेल असं फोरमनला वाटायला नको होतं. माझी जात बोलली.

शशीताईने हात बदलला. तीन महिने लागले. पहिल्या महिन्यात बोटांतून रक्त यायचं, दोरा लाल व्हायचा, ती पट्टी टाकून नवी घ्यायची. चौथ्या महिन्यात तिचा टाका खोलीतला सगळ्यात चांगला टाका होता. एकतीस वर्षं तसाच राहिला. पण ओळखीच्या सगळ्यांत तिची थट्टा झाली ती झालीच. "शशी, तुझ्या बाबांचा जादूचा लगाम सापडला का?" दरवर्षी नाताळच्या जेवणाला कुणीतरी विचारायचंच. ती हसायची. मीही हसायचे.

दोन हजार दोन साली आमच्या कारखान्यात शिवणाऱ्या सहाजणी उरल्या होत्या. बाहेरून तयार लगाम येऊ लागले होते. एका दिवशी खोकी आली, वर कारखान्याचं नाव आणि कानपूर छापलेलं. शशीताईने झाकणावरचं नाव दोनदा वाचलं आणि झाकण घरी नेलं. वडिलांचा कारखाना तोच होता.

त्याच वर्षी आम्ही दोघी निवृत्त झालो. पुढच्या दोन वर्षांत तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्या अंगठ्याचा सांधा गेला. एक दिवस माझ्या किचनमध्ये चहा पिताना म्हणाली, "मी कानपूरला जाणार. कपाटात तो लगाम हाय का न्हाई ते बघायचंय. नसला तर आबा माझ्याशी खोटं बोलले, एवढं कळूनच मरते."

"मी येते."

"तू कशाला गं? थंडी सोसत न्हाई तुला."

"येते म्हणाले ना."

दोन हजार पाचच्या जानेवारीत गेलो. दिल्लीहून निघालेली गाडी धुक्यामुळे सात तास उशिरा पोचली. सकाळी धुकं विरळ झालं आणि पुलावरून शहर दिसलं. लाल विटांच्या चिमण्या, एकामागे एक. मी नऊपर्यंत मोजल्या, मग धुक्यात हरवल्या. तशाच विटा, तशाच उंच, मँचेस्टरला पाहिलेल्या. तिथल्या गिरण्यांचे आता फ्लॅट झालेत. इथे बऱ्याच गिरण्या बंद होत्या, तरी त्या उभ्या होत्या, आणि भोवती माणसं इतकी कामाला लागलेली की मी रिक्षातून डोकं बाहेर काढून बघत राहिले. हातगाडीवर ओल्या कातड्यांचा डोंगर, पुढे एक जण ओढतोय, मागून दोघे रेटतायत. तीनशे किलो तरी असेल. एक कातडं उचलायला आम्ही दोघी लागायचो.

शहराच्या टोकाला जाजमऊ, तिथे गंगेकाठी कातडी कमावायच्या टॅनऱ्या. वास आला तशी शशीताई म्हणाली, "आबांच्या ट्रंकेचा वास." मला तो वास पहिल्यांदाच चांगला वाटला.

कारखाना एका गल्लीच्या टोकाला. मालक नफीससाहेब, पन्नाशीचे. शशीताईने पिशवीतून खोक्याचं झाकण काढून टेबलावर ठेवलं. इंग्लंडहून कुणी तक्रार घेऊन आलंय असं त्यांना वाटलं. मी हिंदीत समजावून सांगितलं.

"कपाट आहे," ते म्हणाले. "पण दादाजींच्या वेळचं. किल्ली शोधावी लागेल. तोवर कारखाना बघा."

मी बत्तीस वर्षं एका खोलीत शिवलं. सर्वांत भरात होतो तेव्हा आम्ही बावीस जणी होतो. इथे एका लांबलचक शेडमध्ये दीडशे माणसं मांडी घालून बसलेली, प्रत्येकाच्या गुडघ्यांत चिमटा. दीडशे दोरे एकदम ओढले जायचे, त्याचा आवाज सुपात धान्य हलवल्यासारखा. कुणी वर पाहत नव्हतं. मी एकाच्या मागे उभी राहून घड्याळ लावलं. मिनिटाला नऊ टाके, सगळे सारखे. माझे उमेदीतले सहा. मला तिथे खाली बसावंसं वाटलं. देवळात बसतात तसं.

किल्ली तासाभराने मिळाली. कपाटात वीसेक वस्तू, प्रत्येकीला लाखेची मोहर आणि दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. लगाम तीन. चामडं काळं पडून लाकडासारखं झालेलं. नफीससाहेबांनी तिन्ही टेबलावर मांडले.

शशीताईने चष्मा काढला. डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. पहिल्या लगामावरून अंगठा फिरवला, बाजूला ठेवला. दुसऱ्यावरून फिरवला, ठेवला. तिसऱ्याच्या डाव्या गालपट्टीवर अंगठा ठेवला आणि तिथेच थांबली. मग दुसरा हात उजव्या पट्टीवर. दोन्ही अंगठे वरून खाली, नाकाच्या दिशेने एकदम आणले. परत वर नेले, परत आणले.

"सुनीती, बघ गं."

मी पाहिलं. इंचाला चौदा टाके. इतके बारीक मी कधी पाहिले नव्हते. आणि डाव्या पट्टीचे टाके नाकाकडे कललेले, उजव्याचेही नाकाकडे. समोर घोडा उभा आहे आणि त्याच्या तोंडावरचा एकेक टाका पुढे निघालाय असं वाटत होतं. मी पट्टी उलटली. डावीच्या पाठीवर सतरा. उजवीच्या पाठीवर नऊ.

शशीताईने पिशवीतून आरी काढून शेजारी ठेवली. मुठीवरचा सतरा, पट्टीवरचा सतरा. नफीससाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

नऊ नंबर कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. चौकशीसाठी सगळ्यात जुने कारागीर रामऔतार यांना बोलावलं. त्यांनी लगाम दिव्याखाली धरला. बराच वेळ धरला. "एक पट्टी, दो दिन," ते म्हणाले. "जोडी का काम था. अब कोई नहीं करता."

तेव्हा मला बोलावंच लागलं. "शशीताई, एकाहत्तर साली फोरमनने विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले होते."

"आठवतंय की."

"मला माहीत नव्हतं. तरी म्हणाले."

"आगं, तुला कुठनं म्हाईत असायचं? घरी आईला सुद्धा सांगत न्हवतीस काय शिवतीस ते." तिने चष्मा परत लावला. "पण तीन म्हैने बोटं फुटली माझी, त्याचं काय करायचं?"

तिने टेबलावरची आरी उचलली.

"असं कर," ती म्हणाली. "उजवी बाजू तू घे."

रामऔतारांनी दोन चिमटे आणि एकाच कातड्याच्या दोन पट्ट्या दिल्या. त्या दीडशे माणसांच्या ओळीत आम्ही बसलो. मांडी घालता येईना म्हणून आम्हाला खोकी दिली. शशीताईने सतरा नंबरची आरी चौतीस वर्षांनी डाव्या हातात घेतली. पहिले पाच टाके तिने उसवले. सहावा ठेवला. मग ती थांबलीच नाही. वेग कमी होता, पण आखडलेला उजवा अंगठा आता फक्त सुई ओढत होता, आणि डावा हात एखादी वाट पाठ असावी तसा चालत होता. आजूबाजूचे दोघे-तिघे काम थांबवून बघू लागले. दिवसभरात त्यांनी वर पाहिलेलं मी तेव्हाच बघितलं.

इंचाला आठच, चौदा आम्हाला झेपणारे नव्हते. चार इंचांना अर्धा तास लागला. रामऔतारांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. तिचे टाके नाकाकडे, माझेही नाकाकडे. ते दोन्हींवरून नख फिरवत गेले. तिच्या पट्टीवर थांबले नाहीत. माझ्या पट्टीवर तिसऱ्या इंचाला थांबले.

"बहनजी, इनकी ठीक है. आपकी यहाँ ढीली है."

"बघू," शशीताईने पट्टी घेतली आणि माझ्यासमोर धरली. "चार टाके. उसव."

परतीची गाडी साडेसहाला होती. पाच वाजून गेले होते.

मी उसवले.