जीपचे तोंड कुणीकडे होते

"आप्पा देवमाणूस, पण धुक्यात स्वतःच वाट चुकले आणि मागचे विमान गवतात घेऊन गेले!"

दौंडला भीमेकाठी, आप्पांच्या दशक्रियेला, एका वक्त्याने माईकवरून हे सांगितले. लोक हसले. मुंडन केलेला त्यांचा मुलगा खाली बघत राहिला. मी उठलो, तोवर आभार मानून झाले होते. म्हणून येथे लिहितो: हे साफ खोटे आहे.

विमानतळावर आप्पा पिवळी जीप चालवत. तिच्या पाठीवर 'मागे या' अशी पाटी. आकाशातून अचूक येणारा वैमानिक जमिनीवर फाट्याफाट्याला बावरतो, हे तुम्हांला पटणार नाही; पण तेथे सगळे रस्ते सारखेच दिसतात. अशा विमानांना आप्पा त्यांच्या जागेपर्यंत आणत. तेथे हाताने खुणा करून विमान उभे करणे, हे माझे काम.

"एवढे शिकलेले लोक चुकतात कसे?" मी एकदा विचारले.

"अवो शिरूरकर, आमच्या दौंडात रेल्वेचं इंजिन ह्या टोकाचं त्या टोकाला लागायचं. गाडी उलटी निघाली की नवा माणूस बोंबलायचा, 'परत पुण्याला चालली!' आधी तोंड कुठं हाय ते बघावं, मग वाटेचं बोलावं."

हे वाक्य त्यांना कुठेही चाले. साहेब संतापून येताना दिसले की कुजबुजत, "तोंड तुमच्याकडं हाय. मी निघतो."

त्या सकाळी दाट धुके होते. एक वैमानिक जीपची वाट न पाहता निघाला आणि खोदकामासाठी बंद केलेल्या रस्त्याला वळला. आप्पांनी गवतातून जीप घालून त्याची वाट अडवली. करकचून ब्रेक लागले. विमानाचे एक चाक गवतात उतरले, इतकेच. माणसे सुखरूप राहिली. पण जीप गवतात, विमान गवतात. लोकांनी उरलेली गोष्ट स्वतःच रचली.

"आप्पा, बोला की!" मी चिडून म्हणालो.

"कशाला? तुमी बघितलंय न्हवं? बास झालं."

आता शिरूरला अंगणात बसलो की डोक्यावरून विमान जाते, आणि खाली उतरल्यावर याला घ्यायला कोण येईल, असे मनात येते.

होय, मी बघितले आहे. धुके विरळ झाले तेव्हा मी धावत तेथे पोचलो होतो. खोदलेला चर जीपच्या मागे चार पावलांवर होता. वाट दाखवणाऱ्या जीपची विमानाकडे पाठ असते. आप्पांच्या जीपचे तोंड विमानाकडे होते.