अंगठ्याची सुट्टी

कॅम्प पाच या आमच्या वस्तीत, गल्लीच्या मागे जीन्सचा कारखाना होता. आई तिथे नव्या पँटी जुन्या करायची. म्हणजे मांडीवर, गुडघ्यावर पॉलिश पेपरने घासून कापड विटवायचं. असल्या विटक्या पँटीला लोक जास्त पैसे मोजतात, याचं तिला कधी हसू यायचं, कधी राग. संध्याकाळी घरी यायची तेव्हा बोटं निळी असायची.

एके दिवशी शेठ म्हणाले, "बाई, अगले महिने से पगार खाते में. कॅश बंद. खाता नहीं है तो मरद का नंबर दे दो."

माझे वडील वाईट नव्हते, पण त्यांच्या खिशात पैसा टिकत नसे. त्यांचा नंबर द्यायचा नाही, हे आईने तिथेच ठरवलं.

झेरॉक्सच्या दुकानात एक बँकमित्र बाई बसायच्या. शिल्लक ठेवायची सक्ती नाही, आधार कार्ड आणि अंगठा दिला की खातं निघतं, असं त्यांनी सांगितलं. कार्ड होतं. अंगठा मात्र यंत्रावर उमटेना. बाईंनी काच पुसली, दहाही बोटं लावून पाहिली, मग आईचा हात उजेडात धरला. पँटींबरोबर बोटंही घासली गेली होती.

"मावशी, रेषाच राहिल्या नाहीत. पंधरा दिवस घासकाम बंद ठेवा, खोबरेल लावा. येतील परत."

आईने बिनपगारी सुट्टी घेतली, जन्मातली पहिली. भांडी, कपडे, भाकऱ्या, सगळं माझ्या गळ्यात पडलं. मी तेव्हा बारावीत होते आणि फार वैतागले होते, खोटं कशाला बोलू.

पण ते दिवस आठवले की अजून डोळ्यांवर गुंगी येते. दुपारभर आई खिडकीशी बसायची, तेल लावलेले हात मांडीवर उताणे ठेवून. ऊन तिच्या तळव्यांत उतरायचं. बोटांचा निळा रंग रोज थोडा थोडा उडत होता. कारखान्याची घरघर लांब कुठेतरी चाललेली, आणि ती बदलापूर गावातल्या तिच्या लहानपणाबद्दल बोलायची. नदीत पाय सोडून बसलं की मासे टाचा कुरतडायचे म्हणे. बोलता बोलता गप्प व्हायची, मग आम्ही दोघी नुसत्याच बसून राहायचो. एकदा तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि मी दचकले. तो हात मऊ होता. माझ्या ओळखीचाच नव्हता.

"आता हाताला सगलं लागतंय," ती म्हणाली.

सोळाव्या दिवशी अंगठा उमटला. खातं निघालं. घरी येताना तिने उजवा अंगठा पदरात गुंडाळला होता, जणू वाटेत कुणी पुसून टाकेल. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि महिन्याभरात रेषा पुन्हा गेल्या.

पगार जमा होऊ लागला, पण काढायचा तर अंगठा हवा. एटीएमचं कार्डही मिळालं होतं. त्याचा गुप्त नंबर कुणाला सांगायचा नाही म्हणून तिने तो स्वतःच्याही लक्षात ठेवला नाही. मग वर्षातून दोनदा, दिवाळीआधी आणि पावसाळा सुरू होण्याआधी, ती पंधरा दिवस हात मांडीवर ठेवून बसायची आणि रेषा आल्या की साठलेले पैसे एकदम काढून आणायची. अंगठ्यासाठी म्हटल्यावर शेठचं काही चालत नसे आणि वडीलही स्वतःचा चहा स्वतः करून घेत.

आता मी अंबरनाथला एमआयडीसीत नोकरी करते. मागच्या थंडीत आईला म्हटलं, "एटीएम कार्डाचा नवा नंबर करून घेऊ, मी लक्षात ठेवते. अंगठ्याची कटकटच नको."

तिने बराच वेळ स्वतःच्या निळ्या बोटांकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "मंग मला बसू कोन देल?"

मला फार लाज वाटली. इतकी वर्षं त्या खिडकीशी बसण्याला मी कटकट म्हणत आले होते. मी कार्ड डब्यात ठेवलं आणि गोठलेल्या खोबरेलाची बाटली उन्हात नेऊन ठेवली.