शालनताईंचा आरसा

स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षात अडकलो होतो तेव्हा बापूचा फोन आला. बापू म्हणजे शालनताईंचा धाकटा भाऊ. ‘‘आक्का गेली,’’ एवढंच म्हणाला. मागचा बसवाला हॉर्न बडवत होता. आजारपण बरेच महिने चाललं होतं, तेव्हा बातमी अनपेक्षित नव्हती. तरी मला राग आला. कोणाचा, ते अजून कळलेलं नाही. आता काही आठवडे उलटले आणि लोक मला विचारतात, त्या नेमकं काय करायच्या? अवकाशातल्या दुर्बिणीवर काम करायच्या म्हटलं की समोरचा उगाच वर बघतो. शालनताईंनी वर फारसं बघितलंच नाही. त्यांचं सगळं लक्ष आरशावर असायचं.

आमच्या संस्थेत तेव्हा उपग्रहावर बसवायची दुर्बीण तयार होत होती. तापलेल्या ताऱ्यांचा आणि फार लांबच्या दीर्घिकांचा अतिनील प्रकाश आपल्या हवेतून खाली पोचत नाही, म्हणून दुर्बीणच वर धाडायची. या प्रकाशाचं एक दुखणं आहे. आरशावर तेलाचा डोळ्यांना न दिसणारा थर बसला तरी तो प्रकाश गिळतो, आणि वर गेल्यावर ऊन लागून तो थर कायमचा पक्का होतो. तिथे फडकं घेऊन कोण जाणार? तेव्हा आरसा इथेच स्वच्छ राखायचा, आणि ते काम शालनताईंचं. त्यांच्या खोलीत गजरा नाही, पावडर नाही, डोक्याला तेल नाही. दिवाळीत उटणं लावून आलेल्या मला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं, आणि दाढी करून गालांना सुगंधी पाणी चोपडून आलेल्या संचालकांनाही. सगळे त्याला ‘शालनताईंचं सोवळं’ म्हणायचे. एकदा चहा पिताना त्या सहज म्हणाल्या की लहानपणी आईबरोबर पेठेत दूध घालायला यायच्या, तेव्हा एका घरी भांडं उंबऱ्याबाहेर ठेवून मागे सरकून उभं राहावं लागे. ‘‘ते सोवळं जन्मावरून होतं, कुलकर्णी. माझं तेलावरून आहे. डोकं धुऊन या, आत घेते.’’ हे हसत म्हणाल्या, पण माझा चहा निवून गेला.

बाणेरच्या बाजूला त्यांच्या घरची शेती होती. गाव शहरात आलं, हरभऱ्याच्या वावरात आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि जमिनीचा पैसा बापूने रोलर आणि डंपरमध्ये घातला. रस्त्यांची कंत्राटं घेऊ लागला. आक्का एवढी शिकून काच पुसत बसते, हे त्याचं ठाम मत. पुसत नाही रे, कोणाला पुसू देत नाही, असं त्या त्याला सांगायच्या.

दुर्बीण बंगळुरूला पाठवायचा दिवस जवळ आला तेव्हाची गोष्ट. आरशाच्या काचेवर होता तोच चकचकीत मुलामा दिलेला काचेचा एक छोटा तुकडा आरशाजवळ कायम ठेवलेला असे. जी हवा आरशाला लागेल ती त्यालाही लागावी आणि आरशाला हात न लावता तुकडा तपासून काय ते कळावं, एवढाच त्याचा उपयोग. त्या दुपारी तपासला तर त्यावरून प्रकाश कमी परत येत होता. यंत्र चुकलं असेल, असं सगळे म्हणाले. पुन्हा मोजलं. तेच. मग हातमोजे, फरशी पुसायचं पाणी, आमचे कपडे, एकेक तपासणं सुरू झालं आणि आम्ही एकमेकांकडे संशयाने बघायला लागलो. शालनताई इमारतीबाहेर आल्या आणि नुसत्या श्वास घेत उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडे आयटी पार्ककडे जाणारा नवा रस्ता होत होता. डांबर उकळत होतं आणि वारा आमच्याकडे होता. खोलीत येणाऱ्या हवेच्या गाळण्या धूळ अडवत, डांबराची तेलकट वाफ नाही. कंत्राट बापूचं होतं.

मी त्यांच्याबरोबर बापूकडे गेलो. आरसा दुर्बिणीत बसवून डबा बंद होईपर्यंत काम थांबवावं, एवढं मागणं. बापूला ते परवडणारं नव्हतं. उद्घाटनाला मंत्री यायचे होते. रस्ता झाला नाही तर पुढची कामं हातची गेली.

‘‘आक्का, एका काचंपायी रस्ता थांबवू व्हय?’’

‘‘रस्ता पुन्हा करता येतोय, बापू. ह्यो आरसा पुन्हा न्हाई व्हायचा.’’

त्याने बहिणीकडे पाहिलं आणि डांबराखालची आग विझवायला सांगितली. उद्घाटन हुकलं, पुढचं काम दुसऱ्याने नेलं. त्या वर्षी भाऊबीजेला बापू आला नाही.

एवढं करूनही घोर संपला नव्हता. तुकडा सतत उघडा असे, आरसा मात्र बहुतेक वेळ झाकलेला; पण डांबर उकळत असतानाच्या दिवसांत पाहणीसाठी आरशाचं झाकण एकदा उघडलं गेलं होतं. तुकड्याला लागलं ते आरशालाही लागलं का, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. कालपर्यंत यंत्राला दोष देणारे संचालक आता म्हणू लागले, आरसा धुऊन घ्या. शालनताईंनी नाही म्हटलं. धुताना मुलामा खरवडला तर सगळंच गेलं. लागलंय की नाही माहीत नसताना हात लावायचा नाही. तसं लिहून खाली सही केली. खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल झाले, कारण आता चूक झालीच तर ती एकट्या शालनताईंची होती. पुढे उड्डाण लांबत गेलं, वर्षं गेली. झोप लागते का, असं मी एकदा विचारलं. लागते म्हणाल्या, पण त्यांच्याकडे बघून तसं वाटत नव्हतं.

उपग्रह वर गेला तरी दुर्बिणीचं दार त्यांनी लगेच उघडू दिलं नाही. उपग्रहाच्या अंगातल्या वाफा आधी निघून जाऊ देत, हा हट्ट. वर्तमानपत्रवाले चित्र मागत होते, वरिष्ठ चिडले होते. अखेर दार उघडलं आणि ज्याचा प्रकाश बदलत नाही असा एक ठरलेला तारा पाहिला. आकडा पडद्यावर यायला वेळ लागत होता... शालनताईंनी टेबलाची कड धरली होती. आकडा आला. पुण्यात डांबराच्या आधी आरसा मोजला होता त्यावरून जेवढा प्रकाश मिळायला हवा, तेवढाच. लोक टाळ्या वाजवत होते, मला रडू आवरेना. त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘‘पुढच्या महिन्यात परत बघा.’’ थर हळूहळूही चढतो.

तेव्हापासून संस्थेत दर महिन्याला तो तारा बघतात. त्या निवृत्त झाल्यावर आकडा मी त्यांना फोनवर पाठवायचो. त्यांचं उत्तर एकच, ‘बरं.’ दवाखान्यातूनही तेच यायचं. गेल्या आठवड्यात नवा आकडा आला आणि हाताच्या सवयीने मी तो त्यांच्या नंबरवर पाठवून मोकळा झालो. काय केलं ते लक्षात येईपर्यंत त्याच नंबरवरून फोन आला. बापू होता.

‘‘साहेब, आक्काच्या फोनवर आकडा आलाय. चांगला हाय का वाईट?’’

चांगला आहे, म्हटलं. पहिल्या दिवशी होता तेवढाच.

‘‘म्हंजे आमच्या डांबराचं काय लागलं न्हाई त्याला?’’

ताईंनी सांगितलं नाही का कधी, असं मी विचारलं.

‘‘म्याच इचारलं न्हाई. भ्या वाटायचं.’’

काही लागलं नाही, बापू, असं मी दोनदा सांगितलं. मग तो म्हणाला, ‘‘ह्याच नंबरावर पाठवत जा. फोन मी चालू ठिवतो.’’